प्रतिसाद: अर्ध्या इंग्रजीवरचे गुरुजी

'ज्याला भाषा पुरती येत नाही त्याने ती शिकवणं म्हणजे पोरांची फसवणूक' हे वरचं मत काही पटलं नाही. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मराठी शाळांतल्या गुरुजींनी स्वतः एबीसीडी पाचवीत गिरवलेली. तरी वर्ग चाललेच की! आमच्या बाई 'स्टँड अप, सिट डाउन' म्हणत पोरांबरोबर स्वतःही उठाबशा काढायच्या. 'आय गो' पण 'शी गोज', इथे पोरं अडखळणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. त्याही तिथेच अडखळलेल्या ना! उच्चारांची मात्र बोंब होती, ते मान्य. चुकीचा उच्चार एकदा जिभेवर बसला की कॉलेजातही हटत नाही. आता मोबाइलवर ऐकवता येतं, मग शिक्षकांनी आपलाच उच्चार कशाला रेटावा?