एकट्या 'टेन्शन'नं आपले किती शब्द गिळले?

सायली_पेण
परवा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दादा पुण्याहून निघाला होता, पण बोरघाटात गाड्या तुंबल्या आणि रात्रीचे साडेनऊ वाजले तरी त्याचा पत्ता नाही. डोळ्यावर पट्टी असलेली आई सारखी दाराकडे कान लावून. मी म्हटलं, "आई, टेन्शन नको घेऊस." ती म्हणाली, "टेन्शन कसलं गं. पोर उंबऱ्याच्या आत येईस्तोवर घोर लागतोच."

तो 'घोर' डोक्यातून जाईना. निकालाच्या आदल्या रात्री होते ती धाकधूक. लेक लांब निघाली की हुरहूर. काका गेले आणि शेवटचं भेटणं राहिलं, त्याची रुखरुख. महिनाअखेरीला पैशांची विवंचना. साहेबांची धास्ती. शब्द ऐकला की माणसाला नेमकं काय होतंय ते कळतं. माझी नववीतली मुलगी या सगळ्याला एकच शब्द वापरते, आणि खरं सांगायचं तर मीही. इंग्रजीशी माझं भांडण नाही. टेबल, पेन, स्टेशन खुशाल राहोत, त्यांनी कुणाची जागा पुसली नाही. 'टेन्शन'नं पुसली.

तारवाला
असहमत. तुमच्या यादीत फिकीर नाही, पण तुमच्या आजीच्या तोंडी नक्की असणार. तो शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, त्यानं मराठी बुडाली का? मी वीज खात्यातून निवृत्त झालो. कागदावर 'उच्चदाब वाहिनी' लिहायचो, खांबावर चढताना मात्र सगळे 'एचटी' म्हणायचे, म्हणजे हाय टेन्शन. तिथे शब्द शोधत बसायला वेळ नसतो. लोकांना जो शब्द पटकन सापडतो तोच टिकतो.

अक्षरवेल
तारवाला काका, तुमच्याच कामातली एक गंमत सांगते. खांब झुकू नये म्हणून तिरकी तार देता, तिला 'ताण'च म्हणता ना? इंग्रजी टेन्शन लॅटिनमधल्या ताणणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि आपला ताण संस्कृत 'तन्' धातूवरून. दोन्हींचं मूळ एकच. तंतू, गाण्यातली तान, मागावरचा ताणा, सगळी त्याच घरची भावंडं. म्हणून 'परका' हा आक्षेप मला पटत नाही. सायलीताईंचा सरसकटपणाचा आक्षेप मात्र पटतो.

आशाताई_मराठवाडा
मला धागा वाचून थोडं वाईट वाटलं. मी रोज घरोघरी फिरते. आमच्या गावातला बापई माणूस 'मला उदास वाटतंय' असं कधीच म्हणणार नाही. 'डिप्रेशन' म्हटलं की घरातले म्हणतात, याला वेड लागलं. पण 'ताई, लई टेन्शन हाय, झोप येईना' एवढं तो म्हणतो. गेल्या आठवड्यात एकजण ओट्यावर बसून हेच म्हणाला, खाली मान घालून, काडीनं माती उकरत. तेवढ्या एका शब्दामुळं मी त्याच्याजवळ बसू शकले, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊ शकले. हा शब्द हिसकावून घेऊ नका.

मँचेस्टरकर
इथे डॉक्टरांना मी सरळ म्हणालो, आय हॅव अ लॉट ऑफ टेन्शन. त्यांनी विचारलं, मानेत की खांद्यात? इंग्रजीत तो शब्द स्नायूंचा, दोरीचा किंवा दोन माणसांमधल्या धुसफुशीचा. मनातल्या काळजीला ते वरी, स्ट्रेस, अँग्झायटी असं वेगवेगळं म्हणतात. तेव्हा 'टेन्शन येणं', 'टेन्शन देणं' हे आपणच घडवलेलं आहे. आता तो मराठी शब्दच धरा.

सायली_पेण
आशाताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. हिसकावायचा अजिबात विचार नाही.
पण मँचेस्टरकर, मराठी धरायचा तर एक करून बघा. आपण म्हणतो 'काळजी करू नकोस' आणि निघताना म्हणतो 'काळजी घे'. एकाच शब्दात चिंताही आहे आणि जपणंही. आई मला रोज फोन ठेवताना 'काळजी घे' म्हणते. तिथे टेन्शन घालून बघा. 'टेन्शन घे' कुणी कुणाला म्हणेल का? जपण्याचा तो अर्धा अर्थ या शब्दात आलाच नाही, आणि मुलांच्या तोंडून काळजी गेली तर तोही जाईल.

तारवाला
हे मात्र मान्य. 'काळजी घे'ला तोड नाही. तरी शब्द वाचवायचे तर आपणच मुलांसमोर बोलायचे. नुसते धागे काढून होणार नाही.

आशाताई_मराठवाडा
आज त्या माणसाकडे पुन्हा गेले होते. म्हणाला, "टेन्शन हायेच." तुमचा धागा आठवला म्हणून विचारलं, "दादा, कुणाचा घोर लागलाय, का पैशाची विवंचना?" बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "विवंचना. सोसायटीचं कर्ज हाय. बायकोला सांगितलेलं न्हाई." उद्या बँकेत काम करणाऱ्या माझ्या दिराला घेऊन जाणार आहे त्याच्याकडे.