मदत हवी आहे: शिक्षकांच्या प्रशिक्षणाआधी गरजांची पाहणी कशी करावी? (डिचोली-सत्तरी, गोवा)

समन्वयक_डिचोली:
आमच्या संस्थेच्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत सात मराठी प्राथमिक शाळा आहेत, शिक्षक 26. तीन शाळांत दोनच शिक्षक, त्यामुळे पहिली ते चौथी जोडवर्ग, म्हणजे एकाच शिक्षकाकडे एकाच वेळी एकाहून जास्त इयत्ता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय, म्हणून व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाचा आराखडा मागितला आहे. "तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?" असा गूगल फॉर्म पाठवला. उत्तरं आली ती बहुतेक संगणक, एआय आणि ताणतणाव व्यवस्थापन या विषयांवर. वाचनाचं नाव कुणीच घेतलं नाही, आणि तिसरीतली बरीच मुलं अजून अडखळत वाचतात. या उत्तरांवर आराखडा करावा का? नाहीतर काय विचारावं?

वाळपईकर:
या उत्तरांवर करू नका. "काय हवं" विचारलं की माणूस ऐकलेल्या विषयांची नावं लिहितो. मुलांपासून सुरुवात करा आणि मग शिक्षकाकडे या.

तिसरी-चौथीच्या प्रत्येक वर्गातून सहा मुलं घ्या. निवड शिक्षकांवर सोडू नका, हजेरीपटावरचं दर तिसरं-चौथं नाव घ्या. न वाचलेला 60-70 शब्दांचा उतारा द्या, एक मिनिट ऐका, मग अर्थाचे दोन प्रश्न विचारा. निपुण भारतने (केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान) तिसरीसाठी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य ठेवलंय. पण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, "शाळेतल्यांनाही" हा एकच शब्द मोजला जातो. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा मूल कुठे अडलं ते टिपा: अक्षर, काना-मात्रा, जोडाक्षर, की वाचलं पण कळलं नाही. या चार अडचणींवर चार वेगळे उपाय लागतात. "वाचन कार्यशाळा" असं एकच नाव देऊन ठेवलं तर चारही तशाच राहतात.

त्यासोबत प्रत्येक वर्गाच्या पाच वह्या पाहा. चुकीवर फक्त फुली आहे, की चूक सुधारून पुन्हा लिहून घेतलंय? शिक्षकाला काय जमतं ते फॉर्मपेक्षा वहीत जास्त दिसतं.

फॉर्म ठेवायचाच असेल तर त्यात विषय नको, कामं लिहा. दहा-बारा पुरेत. उदाहरणार्थ: "वाचनात अडलेल्या मुलाची नेमकी अडचण ओळखणे", "एका इयत्तेला शिकवताना बाकी इयत्तांना स्वतंत्र काम देणे", "घरी कोकणी किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचनाकडे नेणे". प्रत्येक कामासमोर दोन रकाने: किती वेळा करावं लागतं, आणि मदतीशिवाय कितपत जमतं. गुण 1 ते 4 ठेवा, जमण्याच्या रकान्यात 4 म्हणजे सहज जमतं. 5 ठेवलेत की सगळे 3 वर खूण करून मोकळे होतात. सरासरी काढू नका. निम्म्यांनी 4 आणि निम्म्यांनी 1 दिला तर 2.5 येतो, आणि तो एकाही शिक्षकाचं खरं सांगत नाही. जमण्याच्या रकान्यात 1 आणि 2 किती जणांनी दिला तेवढंच मोजा.

फोंडा_निरीक्षण:
यात एक पायरी राहिली, आणि पैसे तिथेच वाया जातात. उणीव दिसली म्हणजे प्रशिक्षण हवं असं नाही. प्रत्येक उणिवेला आधी विचारा, "हे करायचं कसं, ते शिक्षकाला माहीत आहे का?" माहीत नसेल तरच प्रशिक्षण. माहीत असून होत नसेल तर अडतं कुठे ते शोधा. जोडवर्गाच्या बाईंना गटकाम ठाऊक असतं, पण चार पातळ्यांची वाचनकार्डं शाळेत नसतात. तिथे कार्डं द्या. बीएलओचं (मतदारयादीचं) काम, यूडायसच्या (शाळांच्या सरकारी माहितीच्या) नोंदी, माध्यान्ह आहाराचा हिशेब यांत तास जात असतील तर दोन शाळांना मिळून आठवड्यातून एक दिवस लिपिक द्या. ताणाबद्दलची उत्तरंही याच चाळणीतून काढा. त्यांतली बरीच कामाच्या ओझ्याबद्दल असतील, आणि त्यावर व्याख्यान ठेवणं म्हणजे त्यांचा आणखी एक शनिवार घेणं.

समन्वयक_डिचोली:
फॉर्म निनावी ठेवला तर खरं लिहितील ना? वर्गनिरीक्षण कुणी करावं? आणि जूनमध्ये आराखडा द्यायचाच आहे, त्याचं काय?

वाळपईकर:
दोन शिक्षकांच्या शाळेत निनावी काहीच राहत नाही. शाळेचं नाव आणि सेवेची वर्षं विचारलीत की माणूस ओळखला जातो. तीन-चार शाळांचा एक गट करा आणि पाचपेक्षा कमी उत्तरांचा निकाल वेगळा दाखवू नका. फॉर्म मुख्याध्यापकांकडून गोळा केलात तर सगळे 4 लिहितील. शिक्षकांच्या कामाच्या गोपनीय अहवालाशी याचा संबंध नाही, असं व्यवस्थापनाच्या सहीने लेखी द्या.

फोंडा_निरीक्षण:
निरीक्षणासाठी शेजारच्या दोन शाळांच्या शिक्षकांची जोडी लावा. एक तासिका पुरे. टिपायचं तीनच: मुलांनी स्वतः किती मिनिटं वाचलं-लिहिलं, अडलेल्या मुलाकडे शिक्षक गेले का, बाकीच्या इयत्ता तेव्हा काय करत होत्या. शेरे लिहायचे नाहीत.

जूनमध्ये फक्त तास आणि तारखा द्या, विषय मोकळे ठेवा: कार्यशाळा 14 तास, शाळेतला सराव आणि जोडीचं निरीक्षण 20, दीक्षावरचे (शिक्षकांसाठीचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ) अभ्यासक्रम 8, राखीव 8. प्रवेशाचे पहिले दोन आठवडे सोडून जुलैत वाचन-तपासणी आणि निरीक्षण. चतुर्थीच्या सुट्टीआधी त्यांतून दिसलेल्या गरजांचा तक्ता शिक्षकांपुढे ठेवा आणि त्यांना दुरुस्त करू द्या. पहिली कार्यशाळा सुट्टीनंतर. तिच्यानंतर तीन-चार आठवड्यांनी कुणीतरी वर्गात जाऊन बसायला हवं, त्याचा प्रवासखर्च आत्ताच अंदाजपत्रकात घाला. सगळ्यात आधी कात्री लागते ती त्याच रकमेला.