मागच्या अंगणात भाजीचे वाफे करायचेत, खाली नुसता मुरूम आणि राडारोडा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जुने धागे चाळले पण बहुतेक गच्चीतल्या कुंड्यांचे आहेत, जमिनीवरचं फारसं काही सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. वाघोलीच्या पुढे रोहाऊस घेतलंय, मागे साधारण 22 बाय 14 फूट मोकळी जागा आहे. दक्षिणेला पाच फुटी कंपाउंडची भिंत, त्यामुळे थंडीत भिंतीलगतचा पट्टा सावलीत जातो, बाकी ऊन भरपूर.

प्रॉब्लेम मातीचा आहे. बिल्डरने वर नावाला लाल माती पसरून लॉन लावून दिलं होतं ते केव्हाच पिवळं पडलं, आणि आता टिकाव मारला की वीतभर खाली ठण्ण वाजतं. मुरूम, फरशीचे तुकडे, पीओपीची ढेकळं, एका कोपऱ्यात तर सिमेंटची अख्खी गोणी दगड होऊन बसलेली निघाली. फूटभर खड्डा करून संध्याकाळी पाणी भरून ठेवलं तर सकाळी अर्धं तसंच होतं. मातीवर व्हिनेगर टाकून बघितलं तर इनो टाकल्यासारखं फसफसलं. कोथिंबीर इंचभर येऊन थांबली, वांग्याची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या.

आता सल्ले ऐका. माळीदादा म्हणतात एक ट्रॉली काळी माती टाका, शेजारचे काका म्हणतात जिप्सम मारा, सासूबाई कराडकडच्या, त्यांचं म्हणणं शेणखत ओता भरपूर आणि गप्प बसा. मला वाटतंय की विटांचे वाफे बांधून वरच माती भरावी, पण मग त्यात नक्की काय आणि किती भरायचं, खालचा मुरूम तसाच ठेवायचा का फोडायचा, आणि हे सगळं जूनच्या आत उरकायचं का पाऊस जाऊ द्यायचा? पाणी बोअरचं आहे, बादलीला पांढरा थर चढतो. बजेट फार नाही, एकदम सगळं केलंच पाहिजे असंही नाही.

निंबोणी: ताई काळी माती अजिबात नको. खाली पाणी न जिरणारा मुरूम आणि वर काळी, म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. शिवाय शेतातून आणलेल्या मातीबरोबर लव्हाळा आणि हरळी फुकट येते, लव्हाळ्याच्या गाठी एकदा आत गेल्या की तुम्ही आयुष्यभर उपटत बसाल. आणि वाळू मिसळून ती भुसभुशीत करू असं कोणी सुचवलं तर तेही ऐकू नका, वीट तयार होते.

परसदार: वाफेच करा, पण खालचं तसंच ठेवू नका. पहारीने नऊ-दहा इंच फोडून घ्या, उलथापालथ नको, नुसतं मोकळं करा, सिमेंट आणि पीओपी दिसेल तेवढं वेचून बाहेर काढा, सिमेंट तर मातीचा सामू (पीएच) वाढवत राहतं. वाफा साडेतीन फुटांपेक्षा रुंद नको, दोन्हीकडून हात मधोमध पोचला पाहिजे, एकदा आत पाय देऊन तुडवली की माती परत घट्ट. भिंतीला चिकटून भरू नका, ओल धरते, तो सावलीचा पट्टा कंपोस्टच्या खड्ड्याला ठेवा. विटांच्या खालच्या थरात सिमेंट न भरता फटी सोडा, पाणी तिथून निघून जाईल.

हिशोब असा, 10 बाय साडेतीनचा फूटभर उंच वाफा म्हणजे 35 घनफूट. तीन केलेत तर 105, म्हणजे एक ब्रासपेक्षा थोडं जास्त. त्यातली निम्मी पोयट्याची नाहीतर लाल माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि कंपोस्ट. तळाला वाळका पाला, उसाचं पाचट काय मिळेल ते सहा इंच दाबून घाला, तेवढी माती कमी लागते. मात्र हा कच्चा पाला मातीत कालवू नका, कुजताना तो नत्र खेचतो आणि झाडं पिवळी पडतात. एकतर तळाला किंवा वर आच्छादन म्हणून. पहिल्या पावसाळ्यात वाफा चांगलाच खाली बसेल, घाबरू नका, वरून खत घालत राहायचं.

धागाकर्ती: वा, हे खूपच कामाचं! म्हणजे सासूबाई निम्म्या बरोबर 😀 यंदा एकच वाफा झेपेल असं वाटतंय. मग उरलेल्या जागेचं काय करू, आणि त्या जिप्समचं?

चोपणवाला: जिप्सम चोपण जमिनीला, जिथे सोडियम जास्त असतो तिथे. तुमची फसफसतेय म्हणजे चुनखडी आहे, तिला जिप्समचा उपयोग नाही. गंधक टाका म्हणणारेही भेटतील, पण जमिनीत एवढा मोकळा चुना असला की चिमूटभर गंधकाने सामू हलत नाही. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या हा केवडा रोग, लोह जमिनीत असतं पण झाडाला घेता येत नाही. त्यावर सेंद्रिय खत हाच खरा इलाज. मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या, चार-पाच ठिकाणची वीतभर खोल माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो, आणि बोअरचं पाणीही तपासून घ्या कारण पाणीच क्षारट असलं तर वाफ्यातही तेच रडगाणं. पावसाचं पाणी पिंपात धरता आलं तर उत्तम.

उरलेल्या जागेत पहिल्या पावसावर धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) फेका, तागही चालतो पण पाणी साचतं आणि चुना आहे म्हणून धैंचा. फुलावर यायच्या आधी कापून तिथेच गाडा. त्याची मुळं मुरमात जेवढी वाट करतील तेवढी पहारीने होणार नाही.

निंबोणी: वाफ्यात यंदा चवळी, गवार, भेंडी, पालक एवढंच लावा, टोमॅटो-वांग्याचा हट्ट पुढच्या वर्षी. आणि शेणखत घेताना गोणी उघडून बघा हं, हात घातल्यावर गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, त्यात हुमणी (मुळं खाणारी अळी) हमखास येते. काळं, गार आणि चहाच्या चोथ्यासारखं सुटं असेल तरच पैसे द्या.