'ओळखपत्र दाखवा' : मतदान केंद्रावरचे तुमचे अनुभव लिहा

महालवाली
भाचा लेस्टरला शिकायला होता, आता परत आलाय. काल जेवताना त्याने तिथली गोष्ट काढली. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे राहत असेल तर त्याला मत देता येतं, म्हणून याचंही नाव यादीत होतं. मे 2023 च्या स्थानिक निवडणुकीत इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालं. याने आपला भारतीय पासपोर्ट दाखवला आणि मत दिलं. पण त्याच्या पुढचे एक म्हातारे गृहस्थ तिथेच जन्मलेले, वर्षानुवर्षं त्याच केंद्रावर मत देणारे. त्यांना परत पाठवलं. त्या वेळी सुमारे 14,000 लोक असे परत गेले ते आलेच नाहीत, असं त्यांच्याच निवडणूक आयोगाने सांगितलं. भाचा म्हणाला, "मामी, ही सक्तीच चूक आहे."

हे ऐकून आई ताटावरून उठलीच. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या आधीची गोष्ट, तेव्हा फोटोचं कार्ड नव्हतं. हातात चिठ्ठी घेऊन रांगेत उभी राहिली आणि टेबलाशी गेल्यावर कळलं, "बाई, तुमच्या नावावर मत पडलंय." कोणी टाकलं? माहीत नाही. कितीतरी दिवस गल्लीतल्या बायांच्या बोटांकडे ती बघत असे, शाई दिसते का म्हणून.

मला दोघांचंही पटतं. तुमचे अनुभव लिहा. पक्षांची भांडणं इथं नकोत.

खडू-डस्टर
ताई, आईंना तेव्हाही मत देता आलं असतं! त्याला प्रदत्त मत म्हणतात, आम्ही 'टेंडर व्होट' म्हणतो. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल आणि तुम्ही तुमची ओळख पटवली, तर केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतो. मशीन आल्यावरही ती कागदीच आहे. वेगळ्या पाकिटात बंद होते. नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण कोर्टात गेलं तर कामी येते.

मी शिक्षक आहे, निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. सविस्तर रात्री लिहितो, पेपर तपासायचे आहेत.

महालवाली
आईला वाचून दाखवलं. "मग तेव्हा कोणी सांगितलं का नाही?" एवढंच म्हणाली.

संत्रीबाग
कार्ड पायजेच. बँकेत जा, सिम घ्या, रेल्वेत बसा, सगळीकडे दाखवताच ना जी. मतालाच काय त्रास होऊन राहिला?

वाठोडा लेआउट
@संत्रीबाग दादा, सिम नाही मिळालं तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. मत नाही मिळालं तर पाच वर्षं गेली.

मी भटक्या-विमुक्तांच्या पालांवर काम करते. पाल जळतं, पावसात पेटी भिजते, गाव सोडावं लागतं. पहिला जातो तो कागद. एका आजीने लग्नातल्या पत्रिकेसारखं जपलेलं कार्ड दाखवलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं कमरेला. फोटो पार पुसलेला, पण नाव वाचता येत होतं. ती मला म्हणाली, "बाई, यात मी हाय."

कार्ड असावं याच्या मी विरोधात नाही. उलट पालावर ते पहिलं सरकारी कागदपत्र असतं, त्याने पुढची दारं उघडतात. पण आधी ते घरपोच द्या, मग सक्ती करा. आणि हेही लिहून ठेवा, बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही! बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, रात्री त्या जागी जाऊन माणूस तिथेच झोपतो का ते बघायचं, असा नियम आहे. पुलाखाली राहणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

पोहे विथ तर्री
19 एप्रिल 2024, शुक्रवार. सकाळी सातला रांगेत, आठला बाहेर, सव्वाआठला तर्री पोहे. ज्यांना दुपारी जायची सवय आहे त्यांनी ती सोडा बापा, एप्रिलच्या उन्हात आमच्या मागचे काका चक्कर येऊन बसले होते.

महालवाली
कुठली तर्री?

पोहे विथ तर्री
घराजवळच्याच टपरीवरची. नाव सांगितलं तर तुम्ही सगळे येऊन गर्दी कराल.

नवीन आडनाव
लग्नानंतर नाव बदललं. आधार नवं, मतदार कार्ड जुनं, यादीत तिसरंच. टेबलावरचा माणूस नवऱ्याकडे बघून विचारतो, "ह्या कोण?" मी समोर उभी असताना! शेवटी बाजूच्या मॅडमनी फोटो बघितला, मी बघितली, म्हणाल्या जाऊ द्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई असंच लिहिलं गेलं होतं. आपल्या आज्यांमधल्या कोणी त्यात असतील का, असं वाटत राहतं.

कुकर झाला, येते.

आबाजींची नात
शेषन यांच्या काळात फोटो काढायला सगळ्या मोहल्ल्याला शाळेत बोलावलं होतं. मी लहान होते, आबाजींचं बोट धरून गेले. मागे पांढरी चादर बांधलेली, मोहल्ल्यातले सगळे दाढी-बिढी करून, नवीन सदरे घालून आलेले, सण असल्यावाणी. कार्ड आलं तर आबाजींच्या नावावर मोठ्या आईचा फोटो! दोघं ते शेवटपर्यंत एकमेकांना दाखवून हसत होते. तेव्हा 1993 पासून कार्डं सुरू झाली ना?

खडू-डस्टर
हो, 1993. शेषन अडून बसले होते, कार्ड नाही तर निवडणूक नाही. पुढे सवलती द्याव्याच लागल्या.

आता माझं. पहिला मतदान अधिकारी यादी घेऊन बसतो, नाव मोठ्याने वाचतो, उमेदवारांचे एजंट आपल्या प्रतीत खूण करतात. दुसरा शाई लावतो, 17अ च्या वहीत, म्हणजे मतदारांच्या नोंदवहीत, सही घेतो. तिसऱ्याकडे मशीन. सगळा खेळ पहिल्या टेबलावर. मतदार कार्ड नसेल तर आधार, पासपोर्ट, लायसन्स, पॅन, फोटोचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, असे बरेच पर्याय चालतात. फोटोची मतदार चिठ्ठी मात्र 2019 पासून एकटी चालत नाही. लोक तेवढीच घेऊन येतात आणि आमच्यावर चिडतात. त्यांचंही चूक नाही, आधी चालत होती.

एजंटला शंका आली तर दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा लागतो. नुसतं ओरडून कोणाला हाकलता येत नाही. नावातली किरकोळ चूक, काना-मात्रा, हे सोडून द्या असं आम्हाला प्रशिक्षणात स्पष्ट सांगतात.

एकदा उमरेडकडे ड्युटी होती. निंदणाहून थेट आलेली बाई, हात मातीने भरलेले, जॉब कार्ड पुढे केलं. एजंट म्हणे हे चालत नाही. मी नियमाचं पान काढून ठेवलं समोर. तिला आत जाताना पाहिलं आणि दिवसभराचा शीण गेला.

हिंगणा रोड
शाई असताना कार्ड कशाला? म्हैसूरची शाई 1962 पासून चालू आहे.

खडू-डस्टर
शाई दुसऱ्यांदा मत देऊ देत नाही. पहिल्यांदाच दुसऱ्याच्या नावावर दिलं तर शाई काय करेल? ताईंच्या आईंचं तेच झालं.

डलासचा नागपूरकर
इकडे टेक्सासमध्ये 2011 च्या कायद्यात बंदुकीचा परवाना ओळखपत्र म्हणून चालतो, पण विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. यादीत काय ठेवलं यावरून कळतं कोणाला आत घ्यायचंय.

वाठोडा लेआउट
अगदी! म्हणून यादी बघायची. बिहारमध्ये 2025 ला मतदार यादीच्या फेरतपासणीत 11 कागदांपैकी एक मागितला, त्यात आधार नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर बारावा म्हणून घेतलं. ज्याच्याकडे फक्त आधार आहे त्याने तोपर्यंत काय करायचं होतं?

संत्रीबाग
हे मात्र पटलं. कार्ड पायजे हे माझं मत कायम, पण जे गरिबाच्या घरी असतं ते चाललं पायजे.

आबाजींची नात
85 च्या वरच्यांना घरून मत देता येतं, 12डी फॉर्म भरून. आमच्या मोठ्या आईने दिलं. पेटी घेऊन माणसं घरी आली तर तिने आधी त्यांना चहा पाजला, म्हणे मत कुठं पळून जाते.

महालवाली
तिचा फोटो असलेलं आबाजींच्या नावाचं कार्डच दाखवलं का मग?

आबाजींची नात
नाही जी, नवीन काढलं होतं. जुनं देवघरात आहे.

मानेवाड्याची काकू
सगळं वाचलं. माझं कार्ड आहे पण मागच्या वेळी यादीत नावच नव्हतं, तशीच परत आले. कार्ड दाखवून काही उपयोग झाला नाही. आता नंदनवनातून इकडे राहायला आलो. कोणता फॉर्म भरू?

खडू-डस्टर
काकू, कार्डापेक्षा यादी मोठी. नाव नाही तर मत नाही. आधी 1950 या मतदार हेल्पलाइनला फोन करून जुन्या पत्त्यावर नाव आहे का बघा. असेल तर 8 नंबर, घर बदललं तरी तोच. कापलं गेलं असेल तर 6 नंबर नव्याने. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका.

मानेवाड्याची काकू
8 की 6, आधी फोन. हाव, समजलं. पोराला रविवारी बसवते.