मदत हवी आहे: न्यू जर्सीची प्रायमरी आणि आईचं पहिलं मत

आम्ही एडिसनला राहतो. आईला गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. १० जून २०२५ च्या गव्हर्नर प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात, ती आधीची निवडणूक) तिला मत द्यायचंच आहे. आधी तिला पटेना, "राज्यपालाची कसली आलीये निवडणूक? त्याला तर राष्ट्रपती नेमतात!" इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री समज, म्हटल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

तिची नोंदणी कुठल्याच पक्षात नाही. असे मतदार केंद्रावरच पक्ष निवडून मत देऊ शकतात, एवढं वाचलंय. मग तिथे फॉर्म भरावा लागतो की नुसतं तोंडी सांगितलं तरी चालतं? आणि एकदा निवडला की पक्षाचा शिक्का कायमचा बसतो का? नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत कुणालाही मत देता येतं, हे माहीत आहे. प्रश्न पुढच्या प्रायमरीचा आहे. माझं स्वतःचं तर हुकलंच. पक्ष बदलायची मुदत प्रायमरीच्या ५५ दिवस आधीच संपते, हे मला मे महिन्यात कळलं!

डेमोक्रॅट्सकडे उमेदवारीसाठी सहा जण आहेत: शेरिल, बराका, फुलॉप, गॉटहायमर, स्पिलर, स्वीनी. नमुना मतपत्रिका छापून दिली, तर आई चष्मा लावून निवडणुकीची चिन्हं शोधत बसली. चिन्हंच नाहीत म्हणून खट्टू झाली.

३ ते ८ जूनच्या लवकर मतदानाला तिला नेणार आहे. इंग्रजी वाचताना ती अडखळते, तर मी सोबत आत गेलेलं चालेल का? आमच्या मिडलसेक्स काउंटीत (जिल्ह्यात) कुणी आई-वडिलांना नेलं असेल तर प्लीज सांगा.