परदेशातल्या छोट्या कॉलेजांचे 'चान्सेस किती' हा प्रश्न आता बंद करा राव

सिंहगडरोडवाला
आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जुलै-ऑगस्ट लागला की एकच सुरू होतं. काल आलेला मेसेज जसाच्या तसा सांगतो, "आयबी प्रेडिक्टेड ४१, सॅट १५३०, कथ्थक, एक एनजीओ, स्वार्थमोर आणि अ‍ॅमहर्स्टचे चान्सेस किती?" (आयबी म्हणजे आंतरराष्ट्रीय बोर्ड, ४१ हे शाळेने अंदाज केलेले मार्क, सॅट म्हणजे अमेरिकन प्रवेशपरीक्षा, आणि शेवटची दोन अमेरिकेतली छोटी कॉलेजं.) आणि खाली लगेच तिघांची उत्तरं, एक म्हणतो ६०-४०, एक म्हणतो स्वार्थमोर पक्कं, तिसरा म्हणतो सॅट १५५० केला की झालं काम. अरे कशावरून??

आपल्या डोक्यात कॅप राउंड बसलाय. मागच्या वर्षी सीओईपीचं कॉम्प्युटर किती पर्सेंटाइलला बंद झालं ते बघायचं, आपला आकडा त्याच्या वर की खाली ते बघायचं, संपलं. तिथे चान्सेस विचारण्यात अर्थ आहे कारण एकच यादी आहे आणि ती आकड्याने लागते. या अमेरिकन लिबरल आर्ट्स कॉलेजांत (आर्ट्स-सायन्स सगळं मिळून शिकवणारी छोटी पदवी कॉलेजं) यादीच नाही तर कटऑफ कुठून आणणार.

आणि ही कॉलेजं किती छोटी आहेत याचा लोकांना पत्ता नसतो. स्वार्थमोरमध्ये चारही वर्षं मिळून साधारण १७०० मुलं, म्हणजे दर वर्षी चारशे-सव्वाचारशेच्या आसपास जागा. हॅवरफर्ड त्याहून लहान. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, बोडन इथे जवळपास एक तृतीयांश मुलं कॉलेजच्या टीममधून खेळतात, स्क्वॉश, रोइंग, आइस हॉकी वगैरे. खेळाची स्कॉलरशिप तिथे नसते (कॉलेज खेळांच्या डिव्हिजन तीनचा नियम) पण कोचची यादी अ‍ॅडमिशन ऑफिसात जाते आणि ती चालते. मग अर्ली डिसिजनमध्ये (एकाच कॉलेजला लवकर अर्ज, मिळालं तर तिथेच जायचं) जवळपास अर्धा वर्ग भरतो. मग क्वेस्टब्रिज या संस्थेमार्फत येणारी गरीब घरांतली हुशार मुलं. उरलेल्यात अख्ख्या जगातून आलेली तुमच्या आमच्यासारखी, त्यात परत एड, म्हणजे आर्थिक मदत, मागणारी वेगळी. म्हणजे गुगलवर दिसणारा तो ७ किंवा ९ टक्के आकडा तुमच्या मुलीचा नाहीच, तो सगळ्यांची मोट बांधून काढलाय. माझं मत स्पष्ट आहे, जो कोणी टक्केवारीत उत्तर देतो तो थापा मारतोय, आणि विचारणाऱ्यानेही विचारू नये.

आकडेमोड
निम्मं पटलं, निम्मं अजिबात नाही. नेमका आकडा सांगता येत नाही हे खरं, पण त्यावरून "काहीच सांगता येत नाही" वर उडी कशी काय मारली? ही कॉलेजं दर वर्षी कॉमन डेटा सेट नावाचं एक लांबलचक पीडीएफ टाकतात, फुकट आहे, बहुतेक पालक उघडूनही बघत नाहीत. सी-१ मध्ये अर्ज किती आले, घेतले किती, मुलगे किती मुली किती. सी-७ मध्ये कशाला किती महत्त्व ते त्यांनीच खुणा करून दिलेलं असतं. सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि प्रवेश. आणि आपल्यासाठी सगळ्यात कामाचं एच-६, परदेशी मुलांपैकी कितीजणांना कॉलेजने स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि सरासरी किती दिले.

त्या एच-६ मधल्या मुलांच्या संख्येला चारने भागा. आला तो अंदाजे दर वर्षीच्या एडवाल्या परदेशी जागांचा आकडा, साऱ्या जगासाठी. तो २० आला तर एक गोष्ट, ६० आला तर दुसरी. आणि सरासरी रक्कम वर्षाच्या खर्चाच्या निम्मीच असेल तर कळतं की पूर्ण खर्च मागणाऱ्याला हे कॉलेज सहसा उचलत नाही. ही थाप नाही, हिशोब आहे.

अजून एक, सी-१ मुळेच कळतं की व्हॅसरला मुलींचे अर्ज बरेच जास्त येतात म्हणून मुलग्यांचा प्रवेशाचा दर वर असतो, हार्वी मडला बरोबर उलटं, तिथे मुलींचा वर. एका घरात जुळी भावंडं असतील तर त्यांची यादी वेगवेगळी निघायला हवी. हे "विचारू नका" म्हणून कसं चालेल?

सिंहगडरोडवाला
@आकडेमोड भागाकार येतो हो मलाही. पण तुमचे ते २० म्हणजे घाना, व्हिएतनाम, नेपाळ, ब्राझील सगळे धरून. त्यात भारताचे किती? त्यात पुण्यातल्या महागड्या आयबी शाळेतली कितवी? तो आकडा वरची मर्यादा सांगतो, मुलीबद्दल काही सांगत नाही.

आकडेमोड
वरची मर्यादा माहीत असणं ही छोटी गोष्ट आहे होय? त्याच्यावरच तर यादीतून चार नावं उडतात.

एडिसनची_आत्या
इथे न्यू जर्सीत राहते, थोडं इकडचं सांगते. आमच्या शाळांमध्ये नॅव्हियन्स म्हणून प्रकार आहे, त्यात तुमच्याच शाळेतून मागच्या वर्षांत कोण कुठे घेतलं गेलं त्याचे ठिपके दिसतात, आडव्या बाजूला सॅट उभ्या बाजूला ग्रेड, हिरवा म्हणजे मिळालं लाल म्हणजे नाही. रटगर्सला (इथली मोठी सरकारी युनिव्हर्सिटी) हे बघून अगदी छान अंदाज येतो, शेकडो ठिपके असतात ना. पण पोमोनासारख्या छोट्या कॉलेजला बघायला गेलं तर चार ठिपके आणि त्यातला हिरवा एक, तोही सगळ्यात कमी सॅटवाला 😄 आता तो पोहणारा होता की कोणाचा नातू होता कोण सांगणार.

बाकी माझं म्हणणं असं की अर्ली डिसिजन करा आणि मोकळे व्हा. सगळीकडे दर दुप्पट किंवा त्याहून जास्त असतो. माझ्या भाच्याला आम्ही सरळ सांगितलं, एक आवडलंय ना, मग नोव्हेंबरमध्ये सही कर आणि झोप.

आकडेमोड
आत्या, तुमचा भाचा सिटिझन आहे, हा फार मोठा फरक आहे. आणि तो दुप्पट आकडा फसवा आहे. त्याच गठ्ठ्यात कोचने आधीच हेरलेली मुलं असतात ज्यांचं जवळजवळ ठरलेलं असतं, काही कॉलेजं क्वेस्टब्रिजची मुलंही त्यातच मोजतात, जिथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप आहे तिथे तीही (अ‍ॅमहर्स्टने ते २०२१ मध्येच बंद केलं). ही सगळी बाजूला काढली की साध्या मुलाला अर्लीचा फायदा उरतो, पण दुप्पट नाही.

एडिसनची_आत्या
उरतो ना पण? मग झालं तर.

बारावीचा_बळी
मी स्वतः अप्लाय करणारा आहे, कोल्हापूर, सीबीएसई. मी असं कॅल्क्युलेट केलंय की प्रत्येक कॉलेजला ८ टक्के धरले आणि १० कॉलेजांना अर्ज केला तर सगळीकडून नाही येण्याची शक्यता ०.९२ चा दहावा घात म्हणजे साधारण ०.४३, म्हणजे किमान एक तरी मिळण्याचे ५७ टक्के. २० केले तर ८१. मग सरळ २० का करू नयेत? कॉमन अ‍ॅपवर (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) एका वेळी २० पर्यंत चालतात. कोल्बीला तर फी पण नाही आणि वेगळा एसे पण नाही.

पक्का_पेठेतला
बाळा तू अर्ज करू नकोस, थेट तिथे स्टॅटिस्टिक्स शिकवायला जा.

आकडेमोड
गणित बरोबर, गृहीतक चुकलं. हा घात तेव्हाच चालतो जेव्हा दहाही कॉलेजांचे निर्णय एकमेकांशी संबंध नसलेले असतात. इथे दहाही ठिकाणी तीच फाइल जाते, तेच मार्क, तेच शिफारसपत्र, तीच एडची मागणी. शिक्षकाने पत्र गुळमुळीत लिहिलं असेल तर ते दहाही ठिकाणी गुळमुळीतच वाचलं जाणार. म्हणून ५७ नाही, बराच कमी. आणि मुळात तुझे ८ नाहीतच, वर चर्चा वाच.

फी नाही एसे नाही म्हणून तर कोल्बीचे अर्ज फुगले आणि दर आपटला. तुला जे सोपं वाटलं ते सगळ्यांनाच वाटलं.

शाळेतली_काउन्सेलर
नमस्कार, मी मुंबईतल्या एका शाळेत हेच काम करते त्यामुळे सिंहगडरोडवाल्यांशी वाद घालणं भाग आहे. तुम्ही म्हणता उत्तर देऊ नये. दादा, माझ्यासमोर आईवडील बसलेले असतात, त्यांना एफडी मोडायची की नाही ते ठरवायचं असतं, आणि मी काय "हे जाणणं अशक्य आहे" म्हणून चहा पाजून पाठवू? मी उत्तर देते. टक्क्यात देत नाही पण देते. आणि पहिला प्रश्न सॅटचा विचारतच नाही, पहिला प्रश्न असतो वर्षाला किती भरू शकता.

कारण बहुतेक छोटी कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत नीड-अवेअर आहेत, म्हणजे तुम्ही पैसे मागताय का आणि किती मागताय हे निवडताना बघतात. स्वार्थमोर, पोमोना यात आले. एकदा घेतलं की गरज पूर्ण भागवतात, त्यात ती कॉलेजं दिलदार आहेत, पण घेताना हिशोब होतो. अ‍ॅमहर्स्ट आणि २०२२ पासून बोडन परदेशी मुलांसाठीही नीड-ब्लाइंड आहेत, म्हणजे निवडताना पैशांचं बघतच नाहीत. हे ऐकलं की पालक म्हणतात मग तिथेच सोपं! उलट आहे, जगातली सगळी हुशार आणि पैसे नसलेली मुलं त्याच दोन-चार दारांत उभी राहतात.

दुसरं म्हणजे टेस्ट-ऑप्शनल, सॅटचा स्कोअर पाठवायचा की नाही ते तुम्ही ठरवायचं. बोडन १९६९ पासून, बेट्स १९८४ पासून, कोविडनंतर तर बहुतेक सगळेच. तिथे छापलेली सॅटची रेंज ही फक्त ज्यांनी स्कोअर पाठवले त्यांची, म्हणजे चांगले आले त्यांचीच, म्हणून ती वर सरकलेली दिसते. १४८० वाली मुलगी ते बघून रडत बसते. आणि १५६० वाला समजतो की आपण आत. दोघंही चूक.

सिंहगडरोडवाला
ताई तुमच्याबद्दल राग नाही, तुम्ही शाळेत पगारावर आहात. राग आहे तो लाखो रुपये घेऊन "तुमच्या मुलाचे विल्यम्सचे चान्सेस ३५ टक्क्यांवरून ५५ वर नेतो" म्हणणाऱ्यांवर. आमच्या ओळखीत एका एजंटाने असा रंगीत ग्राफच काढून दिला होता, आणि ५५ वर गेलं नाही तर कोण तपासणार? नाही मिळालं तर उरलेल्या ४५ मध्ये पडलात म्हणायचं. टक्केवारीत उत्तर देणं बंद करा म्हणतो ते यासाठी. खोटं पाडताच येत नाही असा आकडा आहे तो.

शाळेतली_काउन्सेलर
एजंटांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत (हा टक्का चालेल ना? 😊). पण त्यांच्यावरचा राग प्रश्न विचारणाऱ्या आईवर कशाला काढता. ती विचारते कारण तिला कोणी नीट सांगतच नाही.

खडूस_पेन्शनर
मूळ मुद्द्याला कोणी हात घालत नाही. वर्षाला नव्वद हजार डॉलर म्हणजे पाऊण कोटीच्या आसपास, चार वर्षांचे तीन कोटी, आणि शिकणार काय तर फिलॉसॉफी आणि थोडी बायॉलॉजी. इथे पुण्यात फ्लेम आहे, सोनिपतला अशोका आहे, तेच शिकवतात. आमच्या वेळी फर्ग्युसनला आर्ट्सला जायला कोणाला चान्सेस विचारावे लागत नव्हते.

एडिसनची_आत्या
काका, छापील किंमत सगळे भरत नाहीत हो, वर तेच तर चाललंय सगळं.

शाळेतली_काउन्सेलर
काकांचा मुद्दा एका अर्थी बरोबर आहे, अशोका किंवा फ्लेम यादीत असायलाच हवं. पण यादीत असावं, यादीऐवजी नको. आणि मधली कॉलेजं विसरू नका. सगळे अ‍ॅमहर्स्ट-विल्यम्स करतात, ते मेरिटवर छदामही देत नाहीत, फक्त गरजेवर. ग्रिनेल देतं, माउंट होल्योक देतं (ते मुलींचं आहे), आणि दोन्हीकडे परदेशी मुलांचं प्रमाण चांगलं घसघशीत आहे, ग्रिनेलला तर पाचात एक धरा. आयोवात मक्याच्या शेतांच्या मध्ये आहे म्हणून आपले पालक नाक मुरडतात. इंटेलवाले रॉबर्ट नॉइस तिथलेच, वॉरन बफे तिथे विश्वस्त होते, जेमतेम १७०० मुलांचं कॉलेज आणि ठेवी दोन अब्ज डॉलरच्या वर.

बारावीचा_बळी
काउन्सेलर ताई, मग माझंच सांगा ना. घरचे वर्षाला २० लाखांपर्यंत जाऊ शकतात, त्यापुढे नाही. दहावी ९६, अकरावी ९३, सॅट १५१०, कुस्तीच्या आखाड्यांवर एक डॉक्युमेंटरी केलीय शाळेतल्या मित्रांबरोबर. अर्ली डिसिजन बोडनला करू की ग्रिनेलला? बाबा म्हणतात एड मागूच नको, आत गेल्यावर बघू.

शाळेतली_काउन्सेलर
बाबांना आधी थांबव!! बऱ्याच कॉलेजांचा नियम असतो की परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी एड मागितली नाही तर पुढे चारही वर्षं मागता येत नाही. आत गेल्यावर बघू हे तिथे चालत नाही. सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा एडचा फॉर्म) भरा, खरं भरा.

माझं मत ग्रिनेल. तू २० भरणार म्हणजे पूर्ण फुकट मागत नाहीयेस, नीड-अवेअर कॉलेजात ही चांगली जागा आहे. बोडनला त्या २० लाखांचा निवडीत काही उपयोगच नाही, ते बघतच नाहीत.

आकडेमोड
मी उलट म्हणेन. अर्ली एकदाच वापरता येतं (दुसरी फेरी जानेवारीत असते पण सगळीकडे नाही), आणि ते बंधनकारक असतं, एड पुरेशी नाही आली तरच सुटका. बोडन मनापासून हवं असेल तर तिथे वापर, ग्रिनेल रेग्युलरमध्येही (नेहमीच्या, बंधन नसलेल्या फेरीत) परदेशी मुलं घेतंच. आखाड्यावरची डॉक्युमेंटरी ही चांगली गोष्ट आहे, तशी फाइल रोज येत नसणार. पण आधी दोन्हींचं एच-६ काढ आणि भागाकार करून इथे टाक, सरासरी रकमेसकट. तुला जितके लागणार त्याच्या जवळपास आहे का ते बघू.

सिंहगडरोडवाला
म्हणजे तुम्ही दोघं अनुभवी आणि एकाच मुलाला दोन उलटी उत्तरं. मी काय म्हणत होतो?

शाळेतली_काउन्सेलर
दोन उत्तरं आली, "विचारू नकोस" यापेक्षा त्याच्या जास्त कामाची आहेत. त्यालाच विचारा.

बारावीचा_बळी
हो खरंच आहेत. एच-६ शोधतोय, बोडनचं पीडीएफ सापडलं, ग्रिनेलचं लोड होतंय. रात्री टाकतो दोन्हींचे भागाकार.

सिंहगडरोडवाला
टाक टाक. त्यापुढे टक्क्याचं चिन्ह लावलंस तर मी परत येतोच.