उद्धरणांपेक्षा गाड्या बघा
उद्धरणांचा आकडा मोठा (म्हणजे इतरांनी लेखांचा दाखला जास्त वेळा दिलेला) म्हणजे संशोधकाचा प्रभाव मोठा, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. आपत्तीतल्या मदतकार्याचं लॉजिस्टिक्स, म्हणजे सामान मिळवणं, साठवणं आणि पोचवणं, हा विषय घ्या. इन्सियाद या व्यवस्थापन शिक्षणसंस्थेच्या लुक व्हॅन वासेनहोव्ह यांच्या २००६ च्या लेखाचा दाखला या विषयात जो तो देतो. मदतकार्याचा ८० टक्के भाग लॉजिस्टिक्सचाच असतो, हे वाक्य त्या लेखामुळे इतकं फिरलंय की त्यामागचा हिशोब आता कुणी विचारतही नाही. (हाही प्रभावच म्हणा!)

पण उद्धरणं मोजताना राहून जाणारा मुद्दा गाड्यांचा. मदतसंस्थांमध्ये पगारांखालोखाल मोठा खर्च वाहतुकीवर होतो. व्हॅन वासेनहोव्ह आणि आल्फोन्सो पेद्राझा-मार्टिनेझ यांनी रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या गाड्यांच्या प्रत्यक्ष नोंदी तपासल्या. संस्थेने आपल्या नोंदी अशा उघड्या करून दाखवल्या, हेच मला एच-इंडेक्सपेक्षा (उद्धरणांवरून काढलेल्या संशोधकाच्या गुणांकापेक्षा) बोलकं वाटतं. ५ वर्षं किंवा १,५०,००० किलोमीटर झाले की गाडी विकायची, असा समितीचा नियम होता. पण आपत्तीच्या ठिकाणी काम करणाऱ्यांना चालती गाडी हातची सोडवत नाही, त्यामुळे विक्री लांबते. तोवर दुरुस्तीचा खर्च चढत जातो आणि गाडीची किंमत उतरत जाते.